बिनपुजेचा नंदी

५ ऑगस्ट १९७९, रवि. बोरगाव (मेघे)
सासूबाईंचं उत्तर अजून तेच. "पाहू."
संग्रहालयाच्या बाईंना पोळ्याच्या आत कळवते म्हणून सांगून आलेय. वर्ध्यातलं नवं, लहानसं संग्रहालय. जुनी अवजारं, भांडी, खेळणी. आलेल्यांना हिंडून दाखवायचं, समजावून सांगायचं. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला वर्ध्यात याहून चांगलं काय मिळणार? हे म्हणतात, माझी ना नाही, आईला विचार. सासरे, म्हणजे मामाजी, आंजीला शेतावर, ते म्हणतात, घरातलं तिले विचारा. म्हणजे सगळे रस्ते फिरून चुलीपाशीच येतात.
भाकरी थापता थापता सा.बा. म्हणाल्या, "जुन्यापुरान्या भंगारापाशी दिवसभर उभी राह्यासाठी शिकली का तू?"
मला ही नोकरी हवी आहे. फार हवी आहे. कुठे तरी लिहून ठेवावं म्हणून इथे लिहिलं.

८ ऑगस्ट, बुध.
ह्यांनी डोकं चालवलं. रजा टाकली, चिखलदऱ्याला जायचं. सा.बांना सांगितलं देवीच्या दर्शनाला. मला हळूच, "तिथं एक बारकं म्युझियम हाये. आईले दाखवून आनू. तुहं काम काय ते डोळ्यानं पाहीन तं हो म्हनीन."
सा.बा.: "देवी डोंगरावर काऊन बसली? खाली बसाले काय झालं होतं?" पण लगेच फराळाला लागल्या. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, कुंकवाचा करंडा, मामाजींची मोठी काळी छत्री.
परसातल्या कारल्याला किडे लागलेत. परत आल्यावर पाहू.

११ ऑगस्ट, शनि. चिखलदरा
अमरावती, परतवाडा, मग घाट. अंग आंबलं, पण मन कसं हलकं झालंय! घाटात धुकं आत शिरलं तशा सा.बा. म्हणाल्या, "कोनाच्या चुलीचा धूर व्हय हा?"
"ढग आहे, आई."
खिडकीतून हात बाहेर काढला, परत घेतला, तळव्याकडे पाहत राहिल्या. "ओला हाये वं." आणि हसल्या. लग्न झाल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग दर वळणावर हात बाहेर. कंडक्टर रागावला, तरी.
थंडी कडक. ह्यांचा मफलर सा.बांच्या डोक्याला. कॉफी प्यायली तिघांनी. सा.बांना औषधासारखी लागली, पण कप पूर्ण संपवला.

१२ ऑगस्ट, रवि.
सकाळी देवी. कपारीतून पाणी ठिबकतं, डोक्यावर घ्यायचं. सा.बा. खूश. मग गाविलगड, अर्धाच, चिखल फार.
दुपारी म्युझियम. कौलारू, दोन खोल्या. दाराशीच पेंढा भरलेला वाघ. सा.बा. त्याला म्हणाल्या, "बरं झालं मेला." तिथल्या कोरकू आदिवासींचे दागिने, ढोल, मासे धरायच्या टोपल्या त्यांनी बारकाईनं पाहिल्या. मला वाटलं, जमतंय.
कोपऱ्यात लाकडी नंदी. चाकांचा, एक शिंग गेलेलं, रंग उडालेला. बाजूला पाटी: हात लावू नये. मी घसा साफ करून अगदी मार्गदर्शिकेच्या थाटात सुरू झाले, कुठलं लाकूड, कसं कोरलं असेल वगैरे. सा.बांचं लक्षच नाही.
"सुमन, याले तान्ह्या पोळ्याले कोन पुजते?"
"इथल्या वस्तूंची पूजा नसते, आई. फक्त पाहायच्या असतात."
"म्हंजे उपाशीच?"
मी पुढच्या भांड्यांकडे वळले तेवढ्यात करंडा निघाला. मागे पाहते तर नंदीच्या कपाळावर हे एवढं कुंकू आणि पुढ्यात शेंगदाण्याचा लाडू. चौकीदार बाहेर चहाला गेलेला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हात धरून बाहेर काढलं त्यांना. हे पावसात उभे राहून पोट धरून हसत होते.
लॉजवर आल्यावर कळलं, छत्री तिथेच राहिली.
ह्यांना म्हटलं, गेली नोकरी. आईंनी म्युझियम पाहिलं आणि काय पाहिलं, तर उपाशी नंदी.

१३ ऑगस्ट, सोम.
छत्री आणायला तिघंही गेलो. दारात रांग! म्युझियमला रांग.
अकोल्याकडची एक बस आलेली. आज श्रावण सोमवार. नंदीच्या कपाळी कुंकू पाहून कोणी तरी बेल वाहिला, मग सगळ्यांनीच. फुलं, नारळाची शकलं, उदबत्त्या. एक उदबत्ती वाघापुढेसुद्धा. चौकीदार रडकुंडीला आलेला. "साहेब आले तर मी काय सांगू, बाई? इथं तर मंदिरच होऊन गेलं."
मला काय झालं कोण जाणे. रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि बोलायला लागले. म्हटलं, हा महादेवाच्या देवळातला नंदी नाही, हा पोरांचा नंदी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं असे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बायका बैलाला ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, खाऊ नाही तर नाणं. कोण्या घरचं पोर याला दोरीनं ओढत हिंडलं असेल, ते शिंग त्यानंच पाडलं असेल. लोक हसले. एक आजोबा म्हणाले, पुढचं बी सांगा. मग ढोल, दागिने, टोपल्या, दोन्ही खोल्या. माहीत नव्हतं ते चौकीदाराला विचारून सांगितलं. किती वेळ गेला कळलंच नाही.
सा.बा. सगळ्यात मागे, छत्री छातीशी धरून. कोणी तरी विचारलं, ही बाई इथली का?
"सून व्हय माही."
ऐकलं मी. त्यांना वाटलं, नाही ऐकलं.
मग चौकीदारानं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. सा.बांनी तोंड फिरवलं. संध्याकाळी चिवड्याला हात लावला नाही. उपास होता म्हणून की...

१४ ऑगस्ट, मंगळ. बोरगाव
घाट उतरताना पुन्हा धुकं आत शिरलं. सा.बांनी हात बाहेर काढला नाही. मी मनात संग्रहालयाच्या बाईंना नाही कसं सांगायचं ते जुळवत बसले.
अमरावतीच्या स्टँडवर एकदम, "तुह्या त्या वर्ध्याच्या म्युझियमात बी असा नंदी हाये का?"
"आहे. याच्याहून मोठा."
"त्याले कोन पुजते?"
"कोणीच नाही, आई."
गाडी लागली, बसलो, तिकिटं झाली. मग म्हणाल्या, "मंग तू जाजो."
"कुठे?"
"कामावर. कोनी तं पाह्यजे त्याच्यापाशी."
मी रडले. हसत होते आणि रडत होते. हे म्हणाले, "पाह्य, लोकं पाहून राह्यले." पाहू देत. लोकांसमोरच तर उभं राहायचंय आता मला.

१८ ऑगस्ट, शनि.
बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, गुरुवारपासून या, आणि तुमचं अक्षर चांगलं आहे तर पाट्या लिहून आणा. दुपारभर तेच केलं. 'वस्तूंना हात लावू नये', निळ्या शाईत, पाच-सहा पाट्या. कारलं गेलं, उपटून टाकलं.

२२ ऑगस्ट, बुध. पोळा
सगळे आंजीला. मामाजींची जोडी झुली घालून अशी काही दिसत होती! पुरण मी वाटलं. संध्याकाळी बोरगावला परत, उद्या कामाचा पहिला दिवस. उद्याच तान्हा पोळा, हे माझ्या आज लक्षात आलं. सा.बांच्या, बाईंनी गुरुवार सांगितला तेव्हाच आलेलं दिसतंय.
आल्या आल्या त्यांनी डबा पुढे केला. उद्या सकाळी खालच्या पुड्यात माझी भाजी-पोळी भरायची. वरच्यात आत्ताच बोटभर पुरणपोळी ठेवलेली, केळीच्या पानात, आणि कुंकवाची पुडी.
"वरचं तुह्यासाठी नाई. त्याचं व्हय."
"आई, तिथे हात लावू देत नाहीत."
"तुले बी?"
मी डबा बंद केला. मग कनवटीचं नाणं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "त्याच्यासंगं लेकरू तं कोनी नाई. बोजारा तूच घेजो."
नाणं या वहीवरच ठेवलंय. पाट्या पिशवीत भरल्या, त्यांच्यावर डबा.