माही हार्डडिस्क मी नेली

दादा,

मी देऊळगाव राजाले मावशीकडे चालली. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या आहेत.

कम्प्युटरमधली माही हार्डडिस्क काढून नेऊन राह्यली. मामाने ती मले देली होती, तुह्या त्या दोस्ताले, अनिसले नाही. दोन वर्षं तू शूट केलेल्या लग्नांचं मिक्सिंग मी केलं, पण तू कोणाले कधी माहं नाव सांगतलं नाही. काल अनिसने तुही अन् माही डिस्क जोडून एक केली, काम भरभर झालं, तं तू चार लोकांत म्हणाला, "हा नसता तं आपला धंदाच बसला असता."

त्यानंच सांगतलं, आता प्रत्येक शूटिंगचे बारीक तुकडे होऊन अर्धे एका डिस्कवर अन् अर्धे दुसरीवर लिहिल्या जातात. म्हणजे काल भरलेलं वायाळकाकांच्या पोरीचं अर्धं लग्न माह्या पिशवीत आहे. तुह्याजवळच्या अर्ध्यात अक्षतेचा एक दाणाही दिसणार नाही.

कम्प्युटरनं फॉरमॅट करू काय विचारलं तं 'नाही'च दाब, नाही तं तुह्याजवळचं अर्धंही पुसल्या जाईन.

वायाळकाका परवा सीडी न्यायले येतील. मावशीच्या शेजारचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहिला आहे. फोन तूच कर. अनिसचा आवाज आला तं मी ठेवून देईन.

वैजू