पिकअपमधील पंधरा किलोंचा खुलासा

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक,
वाहन फेरफार मंजुरी कक्ष (खिडकी क्र. ६),
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : माझ्या जुन्या पिकअप गाडीत मुक्कामी प्रवासासाठी केलेल्या फेरफारानंतर आढळलेल्या पंधरा किलो जादा वजनाबाबत खुलासा, व गाडी आहे तशी मंजूर होण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. ६ फेब्रुवारी.
२) गाडीची वजनपावती, दि. ४ मार्च, मागील वर्ष.
३) खिडकी क्र. ६ येथे मला मिळालेला तोंडी सल्ला.

महोदय,

१. मी खाली सही करणार अर्जदार, वय एकसष्ट, गाड्यांच्या सीट व हूड शिवण्याचे काम चौतीस वर्षे करीत आहे. आपल्या नोटिशीप्रमाणे माझ्या पिकअपचे रिकामे वजन नोंदीत १,८५५ किलो असून फेरतपासणीत ते १,८७० किलो भरले. हा पंधरा किलोंचा फरक म्हणजे गाडीत दडवलेली 'अघोषित वस्तू', बहुधा इंधनाची चोरटी टाकी, असा आपला संशय आहे. वस्तू दाखवून काढून टाकावी, अन्यथा २८ तारखेला तात्पुरती मंजुरी रद्द होईल, असे आपण कळवले आहे. गाडी एकोणीस वर्षांची असल्याने एकदा मंजुरी गेली की ती थेट भंगारात जाणार, हे मला खिडकीवर दोनदा समजावून सांगण्यात आले. मला ते पहिल्याच वेळी समजले होते. या अर्जाचे पहिले तीन मसुदे मी रागाच्या भरात लिहिले व फाडले. हा चौथा आहे.

२. गाडी आधी एका भाजीवाल्याची होती. हौद्यातला कांद्याचा वास जायला वर्ष लागले. ती घेण्याची कल्पना माझी नव्हे, माझ्या पत्नीची. माझी पत्नी सव्वीस वर्षे ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून होती. सगळे ड्रायव्हर तिला काटेबाई म्हणत. कुणी म्हणाले, बाई, जरा सांभाळून घ्या, तर ती म्हणे, काट्याला नातं कळत नाही. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची पावती गेली नाही, याची खात्री आपण त्या कार्यालयात करून घेऊ शकता. ती मला म्हणायची, "गाड्या येतात, माझ्यासमोर दोन मिनिटं थांबतात आणि निघून जातात. मला एकदा त्यांच्या मागोमाग जायचंय." जिथे विजेची तार नाही, नळ नाही आणि मुख्य म्हणजे खिडकी नाही, अशा ठिकाणी तिला आठ-आठ दिवस राहायचे होते. म्हणून ही गाडी.

३. गाडीत मी काय काय केले त्याचा नकाशा आपल्याकडे आहेच. हौद्यावर कॅनव्हासचे हूड मी स्वतः शिवले. त्याला वर उघडणारे झाकण ठेवले, आडवे पडून आकाश दिसावे म्हणून. आत झोपायच्या दोन फळ्या, त्यांखाली खण, साठ लिटरची पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल, त्याच्यासाठी वेगळी बॅटरी, आणि मागचा फाळका उघडला की बाहेर सरकणारा स्वयंपाकाचा ओटा. जोडीला फावडे, ओढायचा दोर, हवा भरायचा पंप. शिवणकाम माझ्याकडे आणि वजन तिच्याकडे, अशी वाटणी होती. जुन्या गाडीचे कमानपाटे किती सोसतील याचा हिशेब तिने आधी मांडला आणि मग घरच्या तराजूवर तोलल्याशिवाय गाडीत एक स्क्रूसुद्धा चढू दिला नाही. सगळे एका वहीत लिहिले. दोन माणसांना तीन चमचे कशाला, यावर आमचे दोन दिवस वाजले. एक हरवला तर, हे माझे म्हणणे. अखेर वहीत नोंद झाली : 'तिसरा चमचा, ३८ ग्रॅम, नवऱ्याचा हट्ट.'

त्या वहीच्या पहिल्या पानावर आम्हा दोघांची वजने आहेत, कारण माणसेही गाडीत चढणारच. माझ्यासमोर ७१ लिहिले आहे. ते एका आडव्या रेघेने खोडून ७३, मग ७३ खोडून ७२. प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिची सही. तिच्यासमोर ६० आहे. त्यावर कुठेही खाडाखोड नाही. कृपया हे पान लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

४. नोटीस आल्यावर मी पंधरा किलो शोधले. वही समोर ठेवून गाडीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढली व पुन्हा तोलली. टाकी कोरडी केली. पॅनेल उतरवले. खणांच्या तळाच्या फळ्या उचकटल्या. टायरच्या खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरने काढले, ते ९० ग्रॅम भरले. हौदा झाडला, धूळ २४० ग्रॅम. शेवटी दोन्ही गाद्या उसवल्या. माझ्या हातच्या शिलाईला मी आजवर कात्री लावलेली नाही, आपल्या नोटिशीसाठी लावली. आत फोम निघाला, जो मीच भरला होता. वहीशी एकूण एक वस्तू जुळली. शेजारी मला विचारू लागले, काय हरवलंय? मी म्हटले, काही हरवलेलं नाही, जास्त झालंय, तेच सापडत नाही. त्यानंतर त्यांनी विचारणे बंद केले.

५. हे मी खिडकी क्र. ६ वर सांगितले तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी मला व्यवहाराची गोष्ट सुचवली. पंधरा किलो सापडत नसतील तर पंधरा किलो काढून या, आकडा जुळल्याशी मतलब. एक फळी काढा की, आता दुसरी लागणार कुणाला? ते वाईट हेतूने बोलले नाहीत. माझी पत्नी २६ सप्टेंबरला वारली, हे मीच त्यांना सांगितले होते, आणि दुसरी फळी गादीसकट जवळजवळ तेवढीच भरते हेही खरे. मी घरी जाऊन त्या फळीचे चार स्क्रू काढले. पाचवा काढवेना. जन्मभर जिने आकडा जुळवण्यासाठी माल इकडचा तिकडे करू दिला नाही, तिचीच फळी काढून आकडा जुळवायचा, हे माझ्याच्याने होईना. चारही स्क्रू परत बसवले. मग म्हटले, मूळ पावतीच तपासून यावी.

६. म्हणून दि. ११ रोजी मी वजनकाट्यावर गेलो. तिच्या जागी आता जो काटेवाला बसतो, तो तीन वर्षे तिच्या हाताखाली शिकला. त्याने ४ मार्चची पावती व काट्याची छापील नोंद समोरासमोर ठेवली. काट्याची नोंद १,९१५. पावतीवर १,८५५. मधले साठ किलो कुठे गेले, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाई कॅबिनमधून उतरल्याच नव्हत्या ना काका. म्हणाल्या, पाय दुखतात, माझे साठ वजा कर. त्या सांगत असताना मी उलट विचारणार होतो का?"

आणि महोदय, तेव्हा मला ते सगळे आठवले, कारण मी तिथेच होतो. मी गाडीतून उतरून खिडकीशी उभा होतो. तिने साठ म्हटल्यावर मी त्या पोराला थट्टेने म्हणालो होतो, बायकांच्या सांगण्यावर जाऊ नकोस, पासष्ट धर. आम्ही दोघे हसलो. कॅबिनमध्ये तीही हसली.

७. घरी येऊन मी तिची कागदांची पेटी उघडली, जी पाच महिने उघडली नव्हती. त्यात एका दवाखान्याचे कागद निघाले. २१ जानेवारी : वजन ४७. २ मार्च, म्हणजे आमची गाडी काट्यावर गेली त्याच्या दोन दिवस आधी : वजन ४५. दोन्ही वेळा मला सांगितले होते की निवृत्तीच्या कागदांसाठी जाऊन येते.

तेव्हा खुलासा असा आहे. ४ मार्चला गाडीत पंचेचाळीस किलोंची बाई बसली होती आणि वजा झाले साठ. त्यामुळे आपल्या नोंदीत माझी गाडी पंधरा किलो हलकी लागली. गाडीत जादा काही नाही. जे कमी होते ते बाईत कमी होते. आपण जी अघोषित वस्तू शोधत आहात ती गाडीत कधीच नव्हती, ती माझ्या घरात होती, आणि मला दिसली नाही.

८. ती मला का दिसली नाही, हे आपल्या कार्यालयाने विचारलेले नाही, पण खुलासा द्यायचा तर पुरा द्यावा. मी नजरेने माप घेणारा माणूस आहे. गाडी दुकानासमोर उभी राहिली की कापड किती लागेल ते मी दुकानातून न उतरता सांगतो. त्या हिवाळ्यात माझ्या मशीनवर कुणीतरी बारीक सुई आणि पातळ दोरा लावून ठेवत असे. मी दोनदा ओरडलो. ती म्हणाली, गाडीचे पडदे शिवतेय. पडदे दोनच होते. ती गेल्यानंतर तिचे कपडे द्यायला काढले तेव्हा आतल्या शिलाया पाहिल्या. प्रत्येक कपडा दोन्ही कुशींत तीन-तीन वेळा आत घेतलेला, अंगावर सैल लोंबू नये म्हणून. शिलाई सरळ आणि नेटकी होती, माझ्याकडूनच शिकलेली. लोक म्हणायचे, बाई बारीक झाल्या. मी अभिमानाने सांगायचो, गाडीसाठी वजन कमी करतेय.

काट्यावरच्या त्या मुलाला तिने दुसऱ्या दिवशी फोन करून आपल्या दुखण्याचे सांगितले होते, म्हणे, आणि हेही की गाडी पुरी झाली की यांना सांगेन, आत्ता कळलं तर हत्यारं खाली ठेवतील आणि परत कधी उचलणार नाहीत. तो मला इतके दिवस बोलला नव्हता, कारण त्याला वाटले मला माहीत आहे. तिचे बरोबर होते. मी खाली ठेवली असती. पण मग निदान अपुऱ्या गाडीतून तरी आम्ही गेलो असतो. मी दर महिन्याला म्हणत राहिलो, एवढा खण नीट सरकू दे, मग निघू. एवढी कडी घट्ट बसू दे, मग निघू. मला त्या गाडीतल्या चमच्याचे वजन पाठ आहे, महोदय. माझ्या बायकोचे मला माहीत नव्हते. याची मला लाज वाटते, आणि ती कुठल्या नमुन्यात भरून द्यायची हे मला कळत नाही.

गाडीचा आजवरचा एकमेव प्रवास १९ जूनला झाला, घर ते रुग्णालय, चौदा किलोमीटर. तिला कॅबिनमध्ये बसवेना, म्हणून मागे तिच्या फळीवर निजवले. तिने वरचे झाकण उघडायला लावले आणि सावकाश चालव म्हणाली. मी इतकी सावकाश चालवली की मागच्या गाड्यांनी शिव्या घातल्या. रुग्णालयाच्या फाटकाशी थांबलो तेव्हा तिने विचारले, "एवढ्यात आलं?" तिची गादी मी साठ किलोंच्या हिशेबाने कडक फोमची केली होती. तिला उचलल्यावर पाहिले तर गादीवर खड्डासुद्धा पडला नव्हता. मला वाटले, फोम चांगला निघाला.

९. सबब माझी विनंती अशी की,

(अ) गाडी आहे तशी, दोन फळ्यांसह, मंजूर करावी. मी एकटाच जाणार आहे हे मला माहीत आहे. तरी फळ्या दोन राहतील. तिसऱ्या चमच्याबद्दल आपली काही हरकत असल्यास तो काढण्याची माझी तयारी आहे.

(आ) काट्यावरील मुलाविरुद्ध कोणतीही कारवाई करू नये. त्याने ज्यांच्याकडून काम शिकले त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मीही तेच केले होते.

(इ) आपल्या नोटिशीत त्या पावतीला 'खोटी' म्हटले आहे. त्या जागी 'चुकीची' असे लिहावे.

(ई) नोंदवहीत १,८५५ च्या जागी १,८७० लिहिताना जुना आकडा शाईने गिरवून काळा करू नये. त्यावर एकच आडवी रेघ मारावी व शेजारी आपली सही करावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. तिच्या वहीत तशीच पद्धत होती. चुकलेला आकडा लपवायचा नसतो, असे ती शिकणाऱ्यांना सांगायची. तिने सव्वीस वर्षांत एकच लपवला, आणि तो माझ्यापासून. तो तेवढा दिसत राहू द्यावा.

आपल्या रांगेतला एक नम्र अर्जदार,

(सही)
सीट-हूडवाला, वाहनमालक
दि. २० फेब्रुवारी

सोबत :
१) काट्याच्या छापील नोंदीची प्रत.
२) दवाखान्याच्या दोन कागदांच्या प्रती.
३) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
४) वजनाच्या वहीचे पहिले पान, प्रत. (माझे वजन आता ६६ आहे. तशी दुरुस्ती मी एक रेघ मारून केली आहे. तिच्या ६० वर मी काही केलेले नाही.)
५) वजनपावती, मूळ. मागे तिच्या अक्षरात 'पाणी भरायचे राहिले' असे लिहिले आहे. काम झाल्यावर ही परत मिळावी.