श्लोकाचा चौथा चरण

शहागड, १० एप्रिल १९७७

डमडम, डमडम. मेहुणे सर्जेराव, रामराम घ्या, तुमचा गुडघा आणि केशरवहिनींचा दमा कसा आहे तेही कळवा, पण आधी हे डफडं ऐका. निजामाच्या राज्यात आमच्या लहानपणी दवंडीवाला ओरडायचा, खल्क खुदाची, मुलूख बादशहाचा. जग देवाचं, मुलूख त्यांचा. आपलं काय, ते त्यानं कधी सांगितलं नाही. उत्तर मला गेल्या महिन्यात जालन्यात, तुमच्या मस्तगडात मिळालं.

दिल्लीचं सरकार पडल्याच्या आनंदात त्या वकिलांचं व्याख्यान झालं (तुम्ही दहाव्या मिनिटाला झोपलात, मी पाहिलं). ते म्हणाले, सरकार म्हणजे जागल्या. त्यानं राखण करावी, तंटा मिटवावा, दिलेला शब्द पाळायला लावावा. आत येऊन आमटीत मीठ किती ते बघू नये. आणि हे कागदावर बांधून घ्यावं, कारण भल्या राजाचासुद्धा हात सवयीनं लांब होतो. सर्जेराव, बसायला जागा असूनही मी शहागडपर्यंत बसमध्ये उभा राहून आलो.

घरी येऊन पाहतो तर काय, माझ्याच राज्यात अंधार. वांगी करू का, बाजेची दोरी बदलू का, चाळीस वर्षं गिरिजाबाई (तुमची बहीण) विचारून राह्यली आणि मी हुकूम देऊन राह्यलो. त्याच दिवशी माझी सत्ता आवळणारी सनद लिहिली. शाळेत सगळं चालीवर पाठ केलेलं, म्हणून श्लोकातच लिहिली. राखण, न्याय, वचन, तीन चरणांत तीन कामं बसली. पण श्लोकाला चरण चार लागतात (तीन चरणांचा श्लोक म्हणजे तीन पायांची बाज), म्हणून चौथा आपला भरतीला घातला:

कुणी जाय कोठे, पुसावे न काही.

काय गोड चरण. सही करून कोनाड्याशेजारी चिकटवला, मोठ्यानं म्हणून दाखवला. गिरिजाबाईनं दोनदा म्हणवून घेतला. दुसऱ्या सकाळी ती पिशवी घेऊन दारात. म्हटलं, कुठं? म्हणाली, "चौथी ओळ म्हणा." आणि गेली. जालन्याच्या बसमध्ये बसली, हे मला फाट्यावरच्या कचरूनं सांगितलं.

आज नववा दिवस. तत्त्व बिलकुल बराबर आहे, माझा विश्वास तसूभर हललेला नाही. फक्त सकाळी ओसरीवर कविता म्हणताना शब्द अडला, की चुलीपासून तो पुरवणारं कुणी न्हाई. तिला अक्षर येत नाही, पण माझ्या सगळ्या कविता तिला येतात. मला निम्म्याच.

आपला, मर्यादित,
मच्छिंद्र मास्तर

ता. क. ती कधी येणार हे मला विचारता येत नाही, सही माझी आहे. तुमची नाही. पाणी पिता पिता सहज विचारून घ्या.

आणखी ता. क. चौथा चरण मी आत्ता खोडला असता. पण सनद एकट्या सरकारनं बदलायची नसते, असं वकील म्हणाले होते. तिलाच यावं लागेल.

शेवटचा ता. क. कडी वाजली म्हणून पत्र टाकून धावलो. दारात तुम्ही, घामाघूम, हातात पिशवी. म्हणता, "मास्तर, तुमचा तो श्लोक अक्कानं आमच्या केशरला पाठ करून दिल्ता. सकाळीच दोघी निघून गेल्या. कुठं, ते पुसायची सोय तुम्ही ठिवली न्हाई. घरात खायला काही हाय का?"