दोन उठवलेले साडू

९ मार्च

प्रिय साडूभाऊ,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही उभयता इकडे खुशाल आहोत. तुम्ही दोघंही तिकडे खुशाल असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नका. फोन केला की आमची मेहुणी उचलते, दोघी बहिणी पोटभर बोलतात, आणि "यांना देऊ का?" असं ती विचारते तेव्हा तुम्ही नेमके अंघोळीला गेलेले असता. इतक्या अंघोळी करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. म्हणून पत्र. तुमची सगळी नोकरी पोस्टात गेली, आलेलं टपाल न फोडणं तुमच्या जिवावर येईल.

माझ्या बायकोची, म्हणजे जिला तुम्ही दोघं अक्का म्हणता आणि आता इथलं सगळं गाव म्हणतं तिची, मला सक्त ताकीद आहे की साडूभाऊंना चर्चबद्दल विचारायचं नाही आणि पेटीबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही. तेव्हा मी काही विचारत नाही. तिकडच्या कमिटीने तुमची पेटी कपाटात ठेवून कीबोर्ड आणला आणि त्या रविवारपासून तुम्ही चर्चची पायरी चढला नाहीत, हे मला ठाऊकच नाही असं समजा.

आता या परदेशातल्या गावचं सांगतो. चर्चच्या हॉलच्या डोक्यावर दोन खोल्या आम्हाला दिल्यात. खिडकीतून समोरची लाँड्री दिसते आणि लाँड्रीतून आम्ही दिसतो. अक्काने टॉवेल कसा पिळला यावर लाँड्रीवाली रस्त्यापलीकडून हातवारे करून शेरे मारते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघींचं बोलणं संपत नाही.

काम सोपं. पाळकसाहेबांकडे चार गावं, ते रविवारी उपासनेपुरते येतात. उरलेला आठवडा मिशनने पाठवलेल्या जोडप्याने सांभाळायचा. हॉल उघडा, झाडा, चहा ठेवा, आणि जे म्हातारे घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे जाऊन बसा. जायचं ते जोडीनेच, असा नियम. साडूभाऊ, मी जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांचे मंडप घालत हिंडलो आणि माझं स्वतःचं लग्न अक्काने एकटीने सांभाळलं. दिवसभर एकत्र असे आम्ही इथेच पहिल्यांदा. आल्या आल्याच ती म्हणाली, "तुम्ही जेवताना इतकं बोलता का हो?"

म्हटलं, "नेहमीच बोलतो."

"कुणाशी?"

पहिल्या रविवारी हॉल बघून मला घाम फुटला. खुर्च्या शंभर आणि माणसं पंधरा. जो तो आपला कोपरा धरून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखा. आमच्या धंद्यातला पहिला धडा तुम्हाला सांगतो. पाहुण्यांपेक्षा खुर्च्या कमी मांडायच्या. कमी पडली की पळत आणून द्यायची, आणि देताना मोकळ्यावर नाही, दोघांच्या मधे घुसवायची. मग बघा लग्न कसं रंगतं! पुढच्या शनिवारी मी सगळ्या खुर्च्या मागच्या खोलीत रचल्या आणि दहाच ठेवल्या. पाळकसाहेब दारातच थबकले. त्यांना वाटलं, चोरी झाली.

इथे एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर आहे. आम्ही त्याला बसवाला म्हणतो. तो कायम दाराशी, सगळ्यांत मागे बसायचा. आला, जागा नाही, उभाच राहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं तिकीट बुडवलंय. मी खुर्ची घेऊन धावलो आणि लाँड्रीवाली आणि गावच्या दवाखान्यातली नर्सबाई यांच्या मधे ठोकली. लाँड्रीवालीने नाक मुरडलं, मग थोडी सरकली, मग गीतांचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. उपासना संपली, चहा थंड झाला, तिघं काही उठेनात.

मंगळवारी आम्ही या बसवाल्याच्या घरी जातो. तो तासभर बोलतो आणि मला ओ का ठो कळत नाही. पण कान आहेत ना! आवाज कुठे चढला, कुठे बसला, कुठे तो थांबून आपल्याकडे बघतोय, यावरून हसायचं की मान खाली घालायची ते समजतं. मुलीचा बाप "काही हरकत नाही" म्हणाला तर हरकत आहे की नाही हे मंडपवाल्याला कळावंच लागतं. बसवाला नर्सबाईला म्हणाला, "या गावात माझं बोलणं समजणारा हा एकटाच." नर्सबाईला मोडकं इंग्रजी येतं, मलाही मोडकंच येतं, त्यामुळे आमचं झकास जुळतं. तिने हे सांगितलं तेव्हा अक्का इतकी हसली की हातातला कप सांडला.

एक बातमी द्यायची राहिली. जूनअखेर आमचं वर्ष संपतं. इथे राहायची परवानगी वाढवून मिळत नाही आणि पुढचं जोडपं अजून मिळालेलं नाही. मिशनच्या ऑफिसने कळवलंय, नाही मिळालं तर जुलैपासून हॉलला कुलूप. मंडळींनी शेजारच्या गावच्या चर्चला जावं. बसवाला म्हणतो, जन्मभर बस हाकली, आता दुसऱ्याने हाकलेल्या बसमधून देवाकडे जाणार नाही. लाँड्रीवालीने आमच्या चादरी नेल्या आणि धुतलेल्याच पुन्हा धुऊन आणल्या.

हे आपलं सहज कळवलं. तुमचे गुडघे, तुम्हाला न सोसणारी थंडी, तुमचा सकाळचा पेपर, हे सगळं मी जाणतो, तेव्हा तुमचं नाव माझ्या मनात आलेलंच नाही. अक्काच्या मनात आलं असेल तर कल्पना नाही. आमची मेहुणी घरात बसून कंटाळलीय, याचीही मला कल्पना नाही.

घरी पोरं धंदा उत्तम बघतात. मला काही विचारावंसुद्धा लागत नाही त्यांना. गुणी आहेत.

उत्तर धाडा. अंघोळ उरकल्यावर.

आपला,
सध्या रजेवर असलेला मंडप काँट्रॅक्टर


१० एप्रिल

साडूभाऊ,

सलाम. तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी, पण काय ओळी! "पेटीवाला हवा असेल तर दुसरा शोधा. मी पेटी बंद केली आहे. मला कुणाची कीव नको. गुडघे बरे आहेत."

मी अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुडघे बरे आहेत, हे कशाला लिहिलं असेल?"

म्हटलं, "तेच तर!"

पण मग ती माझ्यावर घसरली. "तुम्ही त्यांना गिऱ्हाईक समजलात. गोड गोड बोलून माल गळ्यात मारायला निघालात. माझ्या धाकटीचा नवरा आहे तो. सरळ लिहायला काय होतं?"

सरळ लिहितो. मेहुणी फोनवर रडली. तुम्ही दिवसभर मागच्या खोलीत असता, एकच पेपर उलटसुलट वाचता, आणि रविवारी चर्चची घंटा झाली की रेडिओ मोठा करता. हे कळलं म्हणून मी पत्र लिहायला बसलो. इथे जोडपं हवंय हेही तितकंच खरं. मी एक खरं दुकानात मांडलं आणि दुसरं गोदामात ठेवलं.

पेटीचं म्हणाल तर ती इथे कुणालाही नको आहे. इथे पियानो आहे आणि तो नर्सबाई वाजवते. वाईट वाजवते. त्याच्या दोन पट्ट्या उठतच नाहीत, त्या जागी ती तोंडाने सूर लावते. तुम्ही आलात तरी ती तिथून उठणार नाही, आणि तुम्ही तिला उठवायचंही नाही. उठवलेल्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग तुम्हाला बोलावतो कशाला? बसवाल्यासमोर बसायला. साडूभाऊ, तिकडच्या मंडळीने इतकी वर्षं पेटी ऐकली, तुम्हाला कुणी ऐकलंच नाही. उपासना संपायची, बाहेर झाडाखाली गप्पांचा फड जमायचा, आणि तुम्ही आत एकटे पेटीला गवसणी घालत असायचात. बाहेर यायचात तेव्हा आम्ही घरी निघालेलो. मला वाटायचं, साडू शिष्ट आहे. इथे दाराशी बसणारा बसवाला बघितला आणि उलगडा झाला.

आता अवघड ते. पोरं मला काही विचारत नाहीत, असं मी मागे मोठ्या तोऱ्यात लिहिलं. थोरल्याने काचेचं नवं ऑफिस केलं. मी म्हटलं, "माझं टेबल कुठे?" तर म्हणाला, "पप्पा, तुम्ही आता आराम करा ना." माझ्या लोखंडी खुर्च्या, ज्यांच्यावर अर्धं गाव जेवून उठलं, त्या भंगारात गेल्या. मला त्या भंगारवाल्याच्या टेम्पोत दिसल्या. सिग्नलला शेजारीच उभ्या होत्या. त्याच रविवारी चर्चच्या फळ्यावर मिशनची नोटीस होती, "सेवेसाठी निवृत्त जोडपी हवीत." मी नाव देऊन टाकलं. निरोप समारंभात हार घातले, कुणी म्हणालं, "या वयात केवढा त्याग!" त्याग कसला डोंबलाचा? तुम्हाला पेटीवरून उठवलं, मला गादीवरून. तुम्ही रुसून मागच्या खोलीत गेलात, मी रुसून परदेशात आलो. माझ्या रुसव्याला हार मिळाले, तुमच्या रुसव्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही, एवढाच काय तो फरक.

हे मी अक्कालाही कधी बोललो नव्हतो. इथवर लिहून तिच्या हातात कागद दिला. तिने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "यात नवीन काय? पासपोर्टवरचं तोंड बघा तुमचं."

बघितलं. बाई खरं बोलते.

पण इथे आल्यावर तो रुसवा कुठे पडला कळलंच नाही. शोधायला सवडही झाली नाही. सकाळी हॉल उघडायचा असतो. हे तुम्हाला विकत नाही, साडूभाऊ, नुसतं सांगतोय. यायचं नसेल तर नका येऊ, पण मेहुणीसाठी त्या खोलीतून बाहेर या.

तुमच्यासारखाच उठवलेला,
साडू


१८ मे

प्रिय साडूभाऊ,

सलाम, सलाम, सलाम!

"तिथे थंडी नेमकी किती असते, आणि खिडकीतून वारा येतो का?" एवढंच विचारलंत. अरे देवा, तेवढं पुरे! भाव विचारणारं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. अक्काने पत्र वाचलं आणि चपला न घालता रस्ता ओलांडून लाँड्रीत गेली. खिडकीतून मी बघतोय, एक बाई मराठीत ओरडतेय, दुसरी तिच्या भाषेत ओरडतेय, आणि दोघी एकमेकींना गदागदा हलवताहेत. इस्त्रीला आलेला एक भला माणूस शर्ट टाकून पळाला.

वारा येतो. डाव्या खिडकीच्या फटीत कागद कोंबायचा. थंडीला जाड मोजे लागतात, ते मेहुणी तुम्हाला घेईलच. बाकी रागावणार नसाल तर सांगतो. मिशनच्या ऑफिसातल्या बाईला मी एप्रिलमध्येच म्हणून ठेवलं होतं की आमच्याकडचा एक अर्ज येतोय, जागा धरून ठेवा. रागावलात? रागवा. पण अर्जावर सही करून मग. ती म्हणाली, कागद लगेच आले तर जूनच्या मध्यापर्यंत तुमचं काम होईल. म्हणजे शेवटचे काही दिवस आपण चौघं इथे एकत्र. दोन खोल्यांत दोन बहिणी आणि दोन साडू. कानात घालायला कापूस आणा.

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की कुलूप लागणार नाही. नर्सबाईने आनंदाने जे गीत सुरू केलं ते अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. बसवाला मात्र सावध माणूस. त्याने तिच्याकरवी मला विचारलं, "नवा येतोय तो फार बोलतो का?"

मी म्हटलं, "तो बोलतच नाही."

तर तो गडी उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. तुम्ही अजून घराबाहेर पाऊल टाकलं नाही आणि तुमचं स्वागत होऊनसुद्धा गेलं.

तुमच्या पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्या खाली, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, "आणि तुम्ही परत येऊन काय करणार?" खरं सांगू? हा प्रश्न मला कुणी केलाच नव्हता. पोरांनी नाही, पाळकसाहेबांनी नाही, मी स्वतःही नाही. गप्प माणसं काय नेमकं विचारतात! दुपारभर तो घेऊन फिरलो. संध्याकाळी हॉल झाडताना अक्काला म्हटलं, "साडूभाऊ विचारताहेत, परत जाऊन मी काय करणार."

ती झाडत राहिली. म्हणाली, "मला ऑफिसातल्या बाईचा फोन आला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातल्या एका गावाला जोडपं हवंय. सगळे म्हातारेच, भाषा पुन्हा वेगळी. तिने मला विचारलं."

"मग? हो म्हणालीस?"

"अशी कशी म्हणेन? म्हटलं, यांना विचारून सांगते." तिने झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे वळली. "विचारतेय. येता का?"

साडूभाऊ, मी एवढा बोलका माणूस. नुसती मान हलवली, आणि केराची सुपली घेऊन तिच्यापुढे बसलो.

लवकर या.

विचारल्याबरोबर हो म्हणालेला,
तुमचा साडू