औषधी मीठ आणि रंगाऱ्याचं पिंप

इतवारी, नागपूर
चैत्र वद्य एकादशी

चि. सौ. मनकर्णा हिस रुख्मिणी अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पंधरा दिवसांत तुझी दोन पत्रं आली. दोन्हींत शामलाच्या लग्नाची तीथ तीच, आणि 'अक्का, गुडघे कसे आहेत' हेही तेच. पहिलं टाकल्याचं तू विसरलीस. पण गुडघे दोन म्हणून मनकर्णानं दोनदा विचारलं, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं. तुझ्या मधुकररावांची प्रकृती कशी आहे? त्यांना औषध तरी एकदाच देतेस ना वं? (हे पत्र सूनबाई पुष्पलता लिहिते आहे. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. शाळा शिकली आहे, इलाज नाही.)

तुझ्या नातीच्या लग्नाला यायचं मी केव्हाच ठरवलं होतं, पण माझ्या गोपाळनं अट घातली : सावनेरच्या छोट्या आगगाडीची पायरी चढता आली तरच तिकीट. मी घरच्या ओट्यावर चढून दाखवायला गेले आणि निम्म्यावर अशी अडकले, की दोघांनी धरून उतरवलं. मग डाक्टर आला. त्यानं विलायती औषधी मीठ दिलं : कढत पाण्यात टाका आणि त्यात अर्धा तास बसा. हे मीठ आपण जुलाबाचं म्हणून ओळखतो (तुझ्या सासऱ्यांना दिलं होतं, तो दिवस सगळ्या सावनेरला आठवत असेल), तेव्हा गुडघ्यांना जुलाब झाले तर काय होतं, ही मला धास्ती. आणि पाण्यात बसायचं म्हणजे? आपण तांब्यानं अंगावर घेणारी माणसं, पाण्यात म्हैस बसते. शिवाय बसायचं कशात? घरच्या घंगाळात माझा एक पाय मावतो, आणि दुखतात दोन.

शेवटी शेजारच्या चंद्रभान रंगाऱ्याचं लुगडी रंगवायचं अर्धं पिंप मागवलं. लाकडी, पण बिचाऱ्यानं तीनदा घासून दिलं. डाक्टरनं दोन मुठी मीठ सांगितलं होतं, मी पुडाच रिकामा केला (अळणी मला वरणसुद्धा चालत नाही). मग लुगडं वर खोचून बसले. मनकर्णे, खोटं काहून बोलू, म्हशीचं सुख मला त्या दिवशी कळलं. डोळाच लागला. अर्ध्या तासाचा दीड तास झाला.

बाहेर आले तर गुडघे लोण्यासारखे, आणि पाय मांडीपासून नखांपर्यंत लालभडक! लाकडात मुरलेला रंग कढत पाण्यानं सुटला होता. चंद्रभाननं कपाळावर हात मारला, "माय, मीठ टाकाच्या आधी मले पुसाचं होतं वं! मिठानंच तर रंग धरते!" कधी जाईल विचारलं, तर छाती काढून म्हणतो, "माहा रंग? लुगडं फाटते, रंग नाही जात."

रिठे झाले, बेसन झालं, राख झाली. पाय आणखी उजळले. विधवेचे पाय नवरीसारखे, गल्लीला दुसरा विषय नाही. समोरची रंभाबाई पदरात तोंड लपवून विचारते, "रुख्मिणाबाई, कुठी जमवलं वं?" मी म्हटलं, "रंगाऱ्याच्या पिंपाशी. जेवाले तुले बी बलावीन."

आता ओटा मी बिनकाठीची चढते. तर गोपाळ म्हणतो, अशा पायांनी मांडवात गेलीस तर व्याही काय म्हणतील, रंग उतरू दे. रंग उतरेपर्यंत शामलाला पोरं होतील! तिची पहिली आंघोळ मी घातली, आणि तिच्यावर अक्षता टाकायला मी पाय घरी ठेवून येऊ का? अट पायरीची होती, रंगाची नव्हती. मी निघणार.

तुझी अक्का (अंगठा माझा, शाईचे बाकीचे डाग पुष्पलतेचे)

ता. क. : मिठाचं एवढं कौतुक केलं, पण आठ दिवस तिळाच्या तेलानं गुडघे चोळले ते पुष्पलतेनं. गुण बहुतेक त्याचाच. सून डोक्यावर बसेल म्हणून बोलले नव्हते, पण आता तिच्याच हातून लिहून घेते आहे, तेव्हा कळलंच. हसते आहे बघ.

आणखी एक : खरं काम हे. लग्न लागताना विधवेला मागच्या खोलीत बसवतात. तुझ्या घरच्या मागच्या दोन्ही लग्नांत मी तिथूनच सनई ऐकली, बोलले नाही. या वेळी मला पुढे बसव. पाय मी लुगड्यानं झाकीन, तू मला झाकू नको. कबूल असेल तर चिठ्ठी नको, इतवारीच्या बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर शेतातल्या कैऱ्यांची टोपली पाठव, मी समजेन. डाक्टरनं आंबट बंद केलं आहे आणि ही लिहिणारी त्याच्याच बाजूची आहे. तेव्हा खाली कैऱ्या ठेव, वर वांगी.