लोह म्हणजे लोह

नॉटिंगहॅम,
११ मार्च १९८८

चि. माधव यास,

तुझ्या भाऊजींचे अनेक आशीर्वाद. थंडी सोडली तर आम्ही इकडे कुशल आहोत, तुम्हीही सर्व तसेच असाल. नंदाचं प्लास्टर कधी निघणार ते कळव. ती तुझ्याकडे सांगलीत पाय वर करून पडली आणि मुलीच्या बाळंतपणाला विलायतेत कोणाला धाडलं, तर पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या मला! (तुझ्या न्हाणीघराची ती निसरडी फरशी बदल, असं मी दिवाळीतच सांगितलं होतं.) हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे लेक योग्य माणसाच्या हाती आहे अशी तिची खात्री पटेल.

तर झालं असं. मी आलो तेव्हा सुलक्षणाचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक होतं. लोहाच्या गोळ्या तिला सोसत नाहीत, घेतली की उलटी. इथल्या सुईणबाई, मिसेस पामर, म्हणाल्या की आकडा दहाच्या वर गेला नाही तर रक्त चढवावं लागेल. असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक पत्रक ठेवलं. त्यावर बीफ स्टेकचं रंगीत चित्र, आणि खाली आठ औंसांत लोह किती, प्रोटीन किती, बी ट्वेल्व्ह किती याचा तक्ता. आणि तळाशी लिहिलंय काय, तर पालकातलं लोह अंगी नीट लागत नाही! माझं डोकंच फिरलं. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं की मॅडम, लोह म्हणजे लोह, ते कुठून आलं याने अणू बदलत नाही. त्या गोड हसल्या. या देशात वाद घालायचा नसला की सगळे गोड हसतात. आपले अतुलराव डॉक्टर, पण हाडांचे. सासऱ्याने रक्ताचा विषय काढला की ते पेपर उघडतात. मी घरी येऊन पत्रकाचे चार तुकडे केले.

नंदाने दिलेले अळीव होतेच. (ते भिजवल्यावर इतके फुगतात हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी पुडा आख्खा भिजत घातला. सकाळी ते भांड्यातून ओट्यावर, ओट्यावरून सिंकमध्ये, आणि प्लंबर दोन वेळा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने विचारलं की हे जिवंत आहे का.) त्यानंतर पालक, खजूर आणि हरभऱ्याची उसळ यांवर मी किल्ला लढवला. आणि कालच्या तपासणीत आकडा दहा पूर्णांक नऊ! मिसेस पामरबाईंना म्हणावं, घ्या तुमचा तक्ता.

सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा,
विनायक भाऊजी

ता. क. : इथपर्यंतच वाचून दाखव. हे खालचं फाडून टाक.

पालकाने आकडा एका दशांशानेही हलला नाही. एकदा सुला जिना चढताना मध्येच तिसऱ्या पायरीवर बसली. ओठ पांढरे. मला म्हणाली, "बाबा, जस्ट दोन मिनिटं हं." माधव, मी फार घाबरलो. त्याच संध्याकाळी पत्रकाचे तुकडे चिकटपट्टीने जोडले. मग दर बुधवारी तिला बसने एका पबमध्ये नेलं, तिथे त्या चित्रातलं ताटात मिळतं. अट एकच, घरात नको, आपल्या भांड्यांत नको. ती आत जेवायची आणि मी बाहेर बाकावर रामरक्षा म्हणत बसायचो, असे पाच बुधवार. तिसऱ्या खेपेला तिथली बाई स्वतः चहाचा कप घेऊन बाहेर आली, मी कुडकुडताना तिला बघवेना. शेवटी लोह म्हणजे लोह, हे मीच म्हणालो होतो. नंदाला एक अक्षर कळू देऊ नकोस, तिला सोसायचं नाही. आणि दीड पाव अळीव ताबडतोब पाठव. बाळंतपणानंतर तरी लेकीच्या पोटात काही आपलं जाऊ दे.

ता. क. २ (जागा संपली म्हणून समासात लिहितो) : फाडू नकोस! पाकीट चिकटवणार एवढ्यात सुलाने हसत हसत पर्समधून नंदाचं पत्र काढून दिलं. तिने पत्रकाचं आईला आधीच कळवलं होतं, त्याचं हे उत्तर, दुसऱ्या बुधवारीच आलेलं! त्यात तुझी ताई लिहिते, डॉक्टर सांगतात ते मुकाट्याने खा, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना सोसायचं नाही. म्हणजे उरलेले बुधवार मी बर्फात बसलो ते कोणापासून लपवायला? संताप संताप झाला आहे. तेव्हा हे सगळंच तिच्या हातात दे. आणि अळीव किती चमचे भिजवायचे ते तिच्याकडूनच लिहून घे, तिच्या अक्षरात. दोन महिने झाले, तिने मला एक ओळ लिहिलेली नाही.