तांब्याभर पाणी

आये, तुझं डोकं का दुखायचं, ते मला गेल्या वर्षी कळलं. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आता कळून काय उपयोग, असं तूच म्हणाली असतीस. पण कळल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलेय. पाठवणार कुठे, हा प्रश्नच नाही.

जोह्यातला तो पत्र्याच्या शेडमधला गणपतींचा कारखाना आठवतो. तू ओळीत तिसरी बसायचीस, समोर पाटावर गणपती, हातात बारीक ब्रश. डोळे आखावेत ते तूच, असं सगळे म्हणायचे. दुपारी तीनच्या सुमाराला तुझं कपाळ ठणकायला लागायचं. मग तू फडकं आवळून बांधायचीस आणि पुढची मूर्ती ओढायचीस. एकदा शाळा सुटल्यावर मी घरून तांब्याभर पाणी घेऊन आले होते, नऊ-दहा वर्षांची असेन. बांधावरच्या चिखलातून, थेंब न सांडता आणलेलं. तू तांब्या घेतलास आणि सगळं पाणी ब्रश धुवायच्या बादलीत ओतून दिलंस. "कोनी सांगितलान गो तुला? परत आनू नको. जा घरी." सगळ्या बायांसमोर. त्या दिवसाचा राग मी किती वर्षं सांभाळला म्हणून सांगू, तुझ्या दहाव्यालासुद्धा तो माझ्याजवळ होता. मला वाटायचं, तू मूळचीच कडू.

संध्याकाळी घरी आलीस की आधी परसात जाऊन यायचीस, मग उभ्यानेच दोन तांबे पाणी घटाघटा प्यायचीस आणि आडवी पडायचीस. शेजारची काकू मीठमिरच्या घेऊन हजर. "दिष्ट लागते गो तुला, बाप्पाचे डोले आखतेस ना." ती ओवाळून मिरच्या चुलीत टाकायची, मी सुंठ उगाळून तुझ्या कपाळाला लावायची. तासाभरात डोकं उतरायचं आणि नाव मिरच्यांचं व्हायचं. त्या दोन तांब्यांकडे कुणी पाहिलंच नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

पुढे माझं लग्न कारखानदाराच्याच घरात झालं, तुला किती आनंद झाला होता. घर आणि कारखाना एकाच आवारात, त्यामुळे मला कधी कशाची अडचण पडली नाही. आता कारभार मीच बघते. आठ बाया कामाला आहेत. सीझनला सगळ्यांचीच डोकी दुखतात, माझंही दुखतं, म्हणून ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पाकिटं ठेवते. मागेल तिला देते आणि स्वतःला मोठी मायाळू समजते. गेल्या वर्षी मी रोजच गोळी घ्यायला लागले, तेव्हा रोह्याला दिलेली लेक मला ओढत तिच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं तपासलं, वाईट काही नव्हतं. म्हणाल्या, जेवणाची वेळ चुकवता, तासन्‌तास मान खाली, रंगाचा वास, झोप अर्धी. डोकं दुखेल नाहीतर काय? आणि रोज गोळी घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. मी फुशारकीने म्हटलं, आमच्या सगळ्याच बायांचं दुखतं, मी देते ना गोळ्या. त्यांनी विचारलं, "त्या दिवसभरात पाणी किती पितात?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्यांना लघवीला जायला जागा आहे का?"

आणि मला तो तांब्या दिसला. कारखान्यामागे गुडघाभर पाण्याची भातशेती, पुढे टेम्पो भरणारे पुरुष. अंधारात जाऊन आलेली बाई पुन्हा अंधार पडेपर्यंत कुठे जाणार होती? तू प्यायली असतीस तर अडली असतीस. लेकीला हे सगळ्यांसमोर कसं सांगायचं, म्हणून ओरडलीस. रोह्याहून परत येताना मी तोंड खिडकीकडे करून रडले. सोडायला आलेल्या मुलीला वाटलं, डोकं दुखतंय.

आल्या आल्या मी मागे संडास बांधून घेतला. पहिल्याच महिन्यात टेम्पोवाल्यांनी घाण करून ठेवला, म्हणून कुलूप लावलं आणि चावी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पाहिजे तिने मागावी. पण टेबलापाशी सतत गिऱ्हाइकं, बहुतेक पुरुष. कोण मागणार? कोणी मागत नाही. चावी आत ओळीजवळच्या खिळ्याला अडकवता आली असती, ते मला तेव्हाही सुचलं होतं. पण बाया उठायला लागल्या की हात थांबतात, आणि ऐन सीझनला हात थांबलेले मला चालत नाहीत. हे मी घरात कुणाला बोललेले नाही.

काल दुपारी डोळे आखणारी मुलगी आली. कपाळाला ओढणी आवळलेली, ओठ सुकलेले. माझ्यासमोर पनवेलचे दोघे ऑर्डरचं बोलत बसले होते. ती त्यांच्याकडे बघून जरा थांबली आणि म्हणाली, "काकी, गोली हाय का?" तिला काय हवंय ते मला कळत होतं, आये, मला एकटीलाच कळत होतं. मी ड्रॉवर उघडला. चावी गोळ्यांच्या पाकिटावरच पडली होती. ती मी बाजूला सारली आणि तिला गोळी दिली.